उजवी बाजू आधी

शरिफाबीच्या सासूबाई गेल्या म्हणून शाळा सुटल्यावर चांगुणा झेंडीगेटला गेली, आणि तिथल्या अंगणात तिला स्वतःच्या घराचा वास आला. दाराशी तिने चपला काढल्या, डोक्यावरून पदर घेतला, बायकांनी सरकून करून दिलेल्या जागेत ती बसली, आणि मग तो आला. उकळलेल्या हिरव्या पाल्याचा तुरट वास, आणि त्याच्यावर कापराचा थंड वास. आधी तिला वाटलं, आपल्याच लुगड्याला लागून आला असेल. रोज सकाळी तो घरभर असतो, कपड्यांत राहतो. तिने पदर नाकाशी नेऊन पाहिला. शेजारच्या बाईला वाटलं ती रडते आहे. त्या बाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. पदराला वास नव्हता. वास अंगणाच्या कोपऱ्यातून येत होता. तिथे तीन दगडांवर पाण्याची डेग चढवलेली होती आणि वाफेत बोरीची पानं वरखाली होत होती. पलीकडे दोन चादरी आडव्या धरलेल्या, चादरींच्या खाली बायकांची पावलं आणि एका लाकडी फळीचे पाय. "हे पाणी कशाला?" तिने शेजारच्या बाईला हळूच विचारलं. "गुसलला," ती बाई म्हणाली. "मैताला आंघोळ घालतात ना, त्याला. बोरीचा पाला लागतोच. शेवटचं पाणी कापराचं." एवढ्यात चादरींच्या आडून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला: "पैले सीदी बाजू लेव गे! सीदी!" आणि फळीवरून पाणी निथळल्याचा आवाज झाला. सीदी बाजू म्हणजे उजवी बाजू. चांगुणाला हा क्रम ओळखीचा होता. डोळे मिटून तिने पुढचा सांगितला असता. आता डाव्या कुशीवर कलतं करतील. पाठीमागून एक हात देतील. पोटावर तळहात ठेवून हलकेच दाबतील. कमरेवरचं फडकं जागचं हलणार नाही. तिच्या घरी रोज सकाळी, दाराच्या आड, तिच्या नवऱ्याला हेच होत होतं.

ती उठली ते नेहमीसारखीच उठली. शरिफाबीच्या दंडाला धरून दोन शब्द बोलली. शरिफाबी त्याच शाळेत उर्दू शिकवत. त्यांच्या रडून सुजलेल्या डोळ्यांत एक क्षण काहीतरी दिसलं, बहुतेक ओशाळलेपण, आणि मग कुणीतरी दुसरी बाई गळ्यात पडली. रस्त्यावर आल्यावर चांगुणाला शिक्षकांच्या खोलीतला तो दिवस आठवला. साबण मिळत नव्हता. लढाई संपली तरी साबण, रॉकेल, साखर सगळं कार्डावर, आणि कार्डावर असलेलंही दुकानात नाही. तेव्हा ती सगळ्यांना सांगत सुटली होती की बोरीचा पाला उकळून घ्या, रिठ्यात असतं तसलं फेस आणणारं द्रव्य त्यात असतं, कातडी मऊ राहते, पडून पडून झालेली जखम चिघळत नाही. "तुम्हाला कोण सांगितलं, बाई?" शरिफाबींनी विचारलं होतं. "आमच्या बाबाजानने. यांना आंघोळ घालतो ना, त्याने." "अच्छा," असं म्हणून शरिफाबी शेंगा सोलत राहिल्या होत्या. एवढ्यावर चांगुणा थांबली नव्हती. वर्गात काचेच्या नळीत पाल्याचा अर्क घालून, हलवून, तिने मुलींना फेस दाखवला होता. सगळ्या वर्गाने वाहवा केली आणि मागच्या बाकावरच्या दोन मुलींनी एकमेकींकडे पाहून तोंडावर ओढणी धरली. तिने त्यांना उभं केलं. "यात हसण्यासारखं काय आहे, खातून?" "काही नाही, बाई." तिने त्या दोघींना तास संपेपर्यंत उभं ठेवलं होतं. कापड बाजारातून चालताना चांगुणाचे कान तापले. मग तिला वाटलं, का तापावेत? नळीत फेस आला होता हे खरंच होतं. पाला कुणाच्या अंगासाठी उकळला, हे फेसाला कळत नाही. तिने हे वाक्य मनात नीट मांडून पाहिलं. ते बरोबर होतं. तरी कान तापलेलेच राहिले.

तिचा नवरा श्रीमंत हा कालव्यावरचा ओव्हरसियर होता. राजूरच्या बाजूला पाटाच्या भरावावर उभा असताना त्याच्या हातातली फूटपट्टी खाली पडली, आणि ती उचलायला वाकला तो उठलाच नाही. ट्रकमध्ये घालून त्याला नगरला आणलं. उजवं अंग गेलं, वाचा गेली, डोकं शाबूत राहिलं. डॉक्टर म्हणाले, "घरीच ठेवा. चांगली सेवा झाली तर वर्षानुवर्षं काढतील." सेवा म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं. खोलीत तिचा थोरला दीर पुंजाराम उभा होता, शेजारचे उभे होते, पण तो शब्द डॉक्टरांनी सरळ तिच्या ओटीत टाकला आणि सगळ्यांनी माना हलवल्या. तिनेही हलवली. सुरुवातीला तिने सगळं केलं. शाळेच्या आधी आंघोळ, शाळेतून आल्यावर पुसणं, कूस बदलणं. त्याचं अंग तिच्या दुप्पट जड होतं, पण त्याने ती हरली नाही. आंघोळीच्या वेळी तो डोळे मिटून घ्यायचा, दात आवळायचा, आणि त्याच्या डाव्या गालाची नस उडायची. तिला वाटायचं त्याला दुखतं. एक दिवस पाय पुसताना तिने त्याच्या मांडीचा स्नायू चिमटीत धरून पाहिला, किती सुकला ते. प्रयोगशाळेत धरावा तसा. मान वर केली तर त्याचे डोळे उघडे होते आणि तो तिच्याकडे पाहत होता. रागाने नव्हे. आपली ओळख पटते का, असं विचारत असल्यासारखा. त्याच आठवड्यात तिने माणूस शोधायला सुरुवात केली.

लोकांना वाटलं, तिला किळस येते. शेजारच्या कडूबाई धुणं वाळत घालता घालता बोलल्या, तिला ऐकू जाईल अशा बेताने: "नवऱ्याला हात लावायला मोलाचा माणूस पायजे म्हनं. अन् पोरींना बेडूक चिराया शिकिवती, तवा न्हाई किळस येत!" चांगुणाने खिडकी लावली नाही. किळस येत नव्हती. जमत नव्हतं असंही नव्हतं. तिला ते करायचं नव्हतं, आणि त्यालाही तिच्याकडून करून घ्यायचं नव्हतं. त्या घरात दोघांचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट उरली होती. त्याच्याशेजारी बसून ती वर्तमानपत्र वाची, पाटाच्या कामाच्या बातम्या असल्या तर दोनदा वाची, आणि तो डाव्या हाताचं बोट उचलून 'हे चूक छापलंय' असं दाखवी. तेवढ्या वेळापुरता तो तिचा नवरा असे. ओला टॉवेल हातात घेतला की तो वेळ मोडायचा.

पण माणसं मिळणं सोपं नव्हतं. छावणीतल्या लष्करी इस्पितळातून सुटलेला एक वॉर्डबॉय आला. तो "करवट!" असं ओरडून श्रीमंतला उलथायचा, जशी काही समोर पलटण झोपली आहे. मग मिरजगावहून लांबच्या नात्यातली लंकाबाई आली. ती आंघोळ घालता घालता स्वतःच्या नवऱ्याचं शेवटचं दुखणं सांगायची आणि घळाघळा रडायची. श्रीमंतच्या अंगावर किती पाणी तांब्यातलं आणि किती लंकाबाईचं, हे सांगता आलं नसतं. शेवटी भाजीवाल्या गनीभाईने बाबाजानला आणलं. "हात लई चांगला हाय, बाई. माणूस उचलायचं, फिरवायचं त्याला बरूबर जमतं." "कुठे शिकले?" गनीभाई जरासा अडखळला होता. "लोकांचं करीत आला की, हयातभर."

पहिल्याच दिवशी बाबाजानने तिला दाराबाहेर काढलं. "बाई, तुमी भाईर. परदा पायजे." त्याने बेंबीपासून गुडघ्यापर्यंत फडकं टाकलं, हाताला कापडाची पिशवी बांधली, आणि फडक्याच्या खालून, न बघता, धुतलं. हे तिला फटीतून दिसलं, आणि तिने ती फटही लावून घेतली. पिशवी तिला शल्यवैद्याच्या हातमोज्यासारखी वाटली. आधी उजवी बाजू, म्हणजे गेलेल्या अंगाकडे आधी लक्ष, हे तिला शास्त्रशुद्ध वाटलं. आंघोळीनंतर ती आत गेली तेव्हा श्रीमंतचे डोळे उघडे होते आणि गालाची नस स्थिर होती. त्या दिवशी तिने शाळेत फार चांगलं शिकवलं.

आणि तो सगळा वेळ त्याला मेलेल्याची आंघोळ घातली जात होती. माळीवाड्याच्या वेशीपाशी येईपर्यंत हे वाक्य चांगुणाच्या पायांत येऊन बसलं आणि तिला चालवेना. ती एका दुकानाच्या पायरीला टेकून उभी राहिली. छावणीकडचा एक ट्रक धूळ उडवत गेला. धुळीत तिला वडिलांचं अंग दिसलं. पुण्याच्या वाड्यातलं अंगण, भर दुपार, वडिलांना पाटावर बसतं केलेलं, मान एकीकडे लोंबलेली, आणि चार माणसं घागरींनी पाणी ओततायत. वडिलांनी तिला शिकवलं, जातीतल्या लोकांच्या शिव्या खाऊन कॉलेजात घातलं. धोतराचा सोगा घोट्याच्या वर गेलेला त्यांना खपत नसे. त्या दिवशी धोतर सुटून चिखलात पडलं आणि कुणी उचललं नाही. घाई होती. कुणीतरी म्हणालं, "आता त्यांना काय त्याचं?" ती माडीच्या खिडकीत होती. तिने तेव्हा खिडकी लावून घेतली होती आणि कितीतरी वर्षं तिला वाटत आलं होतं की मरणात असंच होत असणार, दुसरी काही रीतच नसणार. पण झेंडीगेटच्या अंगणात चादरी दोन होत्या, आणि धरणाऱ्या बायकांनी माना वळवून घेतलेल्या होत्या. तिने पायरी सोडली. अंगावर शहारा अजून होता. तो गेला नाही म्हणून तिने त्याला सोबत घेतलं आणि चालू लागली.

घरी श्रीमंत उशीला टेकून बसला होता. केस विंचरलेले, नखं कापलेली. तिने वर्तमानपत्र उघडलं आणि एक अक्षर वाचवेना. त्याचा उजवा हात चादरीवर पडलेला होता, धुतलेला, पांढरट, बोटं थोडी आत वळलेली. रोज ती तो हात मांडीवर घेऊन वाचत असे. आज तिला घेववला नाही, आणि न घेतलेलं त्याने पाहिलं. सांगावं का? हे त्याचं अंग, तेव्हा हे त्याला कळायला हवं. पण कळलं आणि त्याने पुन्हा दात आवळले तर? मग बाबाजान गेला, आणि बाबाजान गेला की दुसरं कुणी नाही, आणि दुसरं कुणी नाही म्हणजे शेवगाव. पुंजारामचा निरोप आलेलाच होता: उद्या सकाळी लॉरी घेऊन येतो, श्रीमंताला घरी नेतो, त्याचे हाल आता बघवत नाहीत. शेवगावच्या घरात ओसरीवर खाट पडेल. येणारंजाणारं गाव पायाशी बसेल, चुकचुकेल. जाऊ आंघोळ घालील, चुलत्या घालतील, ज्याला वेळ असेल तो घालील. सगळी मायेची माणसं. श्रीमंत डोळे मिटेल, आणि या वेळी पुन्हा उघडणार नाही. हे तिला वजनमाप केल्यासारखं स्पष्ट माहीत होतं. आणि तरीही तिने रात्री काही सांगितलं नाही.

सकाळी बाबाजान फडक्यात पाला बांधून आला. बुटका, रुंद खांद्यांचा, तोंडात तंबाखू. चांगुणा चुलीपाशी उभी होती. "बाबाजान, मी काल झेंडीगेटला गेले होते. शरिफाबींकडे."

त्याने पाला खाली ठेवला. "मंग आता येऊ नको म्हनायचं का, बाई?"

"आधी का सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर पायरी चढू दिली असती व्हय? गनीभाई म्हनला, इचारलं तर सांग. तुमी इचारलंच न्हाई." मग त्याला जोर आला. "अन् शिकायचं तरी कुनावर, बाई? जित्या मानसावर शिकलं तर तो शिव्या देतो. मुर्दा बोलत न्हाई, म्हनून तर सांभाळून हात लावायचा. मुर्द्याला बी दुखतं, असं धरून चालायचं. वस्तादानं पयलं ह्येच शिकिवलं."

"मधूनमधून येत नाही, घरी काम आहे म्हणता, ते हेच काम?"

"ह्येच. मैत काय सांगून हुतंय?"

ती पातेल्याकडे वळली. पाला तिने स्वतः पाण्यात टाकला. बाबाजानने कमरेची पुडी सोडली. "कापूर नाही," ती म्हणाली.

"रीत हाय, बाई. शेवटचं पानी—"

"पाठीची जखम उघडी आहे. कापूर झोंबतो."

"मुर्द्याला न्हाई झोंबत."

"आत्ताच म्हणालात, मुर्द्याला पण दुखतं."

बाबाजानने तंबाखू गालाच्या दुसऱ्या बाजूला नेली. "तुमी शाळंच्या बाई. तुमच्यापुढं काय बोलावं."

"आणि हे जिवंत आहेत."

"व्हय," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच वरमला. पुडी पुन्हा कमरेला गेली. तो पाणी घेऊन आत गेला, दार लागलं, आणि तांब्या घंगाळात बुडाल्याचा आवाज आला तेवढ्यात बाहेर लॉरीचा हॉर्न वाजला.

पुंजाराम आत आला तो बोलतच. "धाकले, श्रीमंताचं सामान बांध. अन् त्यो मानूस कुठं हाय?"

"बसा, दादा. पाणी देते."

"पानी नगं मला! शेवगावच्या बाजारात तांबोळी मला इचारतो, पुंजारामभाऊ, तुमचा भाऊ कवा वारला? म्या म्हनलं, तुझ्या जिभेला हाड हाय का न्हाई? तर म्हनतो, बाबाजान रोज त्याच्याकडं जातो म्हनं, म्हनून वाटलं!" त्याचा आवाज फुटला. "माझा भाऊ जित्ता हाय का मेला हाय, ह्ये मला तांबोळी सांगनार?"

चांगुणाने दाराकडे पाहिलं. दाराच्या पलीकडे पाण्याचा आवाज चालू होता. आवाज खाली आणायचा, पुंजारामला अंगणात न्यायचं, हे तिच्या मनात आलं. आणि मग तिला दिसलं की रात्रभर जे सांगवत नव्हतं ते सांगायला याहून बरी वेळ येणार नाही. ती दाराशी गेली, आणि वर्गात बोलते तशी, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं बोलली.

"जिवंत आहेत. आंघोळ चालली आहे. तांबोळी म्हणाला ते खरं आहे, दादा. बाबाजान मेलेल्यांना आंघोळ घालतात. यांना घालतात तीसुद्धा त्याच रीतीने. मला कालपर्यंत माहीत नव्हतं, यांना आत्तापर्यंत नव्हतं. आता कळलं. यांना नको असेल तर बाबाजान जातील. यांना हवं असेल तर शेवगावच्या बाजाराने काय म्हणायचं ते म्हणावं."

पाण्याचा आवाज थांबला. तिचा तळहात दाराच्या फळीवर होता आणि फळी ओलसर लागत होती. ती श्रीमंतच्या गालाची नस बघत होती, डोळ्यांपुढे, लाकडातून. मग आतून आवाज आला. वाचा गेल्यापासून त्याचे जे दोनचार आवाज तिला माहीत होते त्यांतला तो नव्हता. घशातून, अडकत, पुन्हा पुन्हा. तो रडतो आहे असं तिला वाटलं.

"हसू नका, साहेब!" बाबाजान आतून म्हणत होता. "अवो, हसू नका, पानी नाकात जाईल! धरा, मला धरा... लई झालं आता!"

पुंजारामने तिला बाजूला सारलं आणि दार उघडलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. थोड्याच वेळात पुंजाराम मागे सरत बाहेर आला, दार त्याने स्वतःच ओढून घेतलं, आणि चुलीजवळच्या पाटावर बसला.

"मला हात केला त्यानं," तो म्हणाला. "भाईर जा म्हनून. मला! एका घंगाळात न्हालोय आमी दोघं."

चांगुणाने चहा टाकला. आत पाणी पुन्हा पडायला लागलं होतं.

"बायकू असती, भाऊ असतो," पुंजाराम चुलीकडे बघत म्हणाला. "रगताची मानसं हायेत. अन् मोलाच्या मानसाच्या हातात अंग द्यायचं?"

"त्यांचं अंग आहे, दादा. कुणाच्या हातात द्यायचं ते त्यांनी ठरवलं."

"गावात काय सांगू मी?"

"सांगा, धाकलीने माणूस ठेवला. नाव बाबाजान. काम काय करतो ते विचारलं तर तेही सांगा. मी शाळेत सांगणार आहे." तिला मागच्या बाकावरच्या दोघी आठवल्या. त्यांनाही सांगायचं होतं, सगळ्या वर्गासमोर, की त्यांचं हसणं बरोबर होतं आणि फेसही बरोबर होता.

दार उघडलं. बाबाजान हात पुसत आला, पुंजारामला पाहून दूर उभा राहिला, आणि चांगुणाला खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, आता कळलंच हाय तर सांगतो. भिंगारला एक मैत हाय. दुपारच्या आत जावं लागंल. साहेबांची दुपारची कूस बदलायची ऱ्हाईल."

"कोण गेलं?"

"अलीम पिंजारी. तरना हुता."

"जा तुम्ही. वेळेवर पोचा." तिने छत्री घेतली, पुस्तकं घेतली. "दुपारी दादा आहेत ना. त्यांना दाखवून जा कूस कशी बदलायची ते. फडकं कुठे असतं, तेही."

बाहेर लॉरीवाल्याने हॉर्न वाजवला, थांबला, पुन्हा वाजवला. चांगुणाने चपला घातल्या. पुंजाराम उठला, दारापर्यंत गेला आणि ओरडला, "जा रं तू म्होरं! मी मागनं येतो!" मग त्याने पागोटं काढून खुंटीला अडकवलं, बाह्या वर केल्या, आणि बाबाजानला म्हणाला, "दाव. आधी कंची बाजू?"